पायडल जड का झालं? सहावी ते आठवीच्या पोरांबरोबर जनित्र बांधतानाच्या नोंदी

शाळा अंबाजोगाई-परळी पट्ट्यातली, जिल्हा परिषदेची. चुंबक सहावीला, चुंबकीय क्षेत्र सातवीला, धाराविद्युत आठवीला आहे, आणि जनित्र थेट दहावीला. दहावीपर्यंत थांबायचं नाही असं ठरलं ते एका व्हिडिओमुळं. सातवीतल्या पोरानं वडिलांच्या मोबाइलवर दाखवला: पंख्याच्या पात्यांना चुंबक चिकटवलेत, पंखा आपोआप फिरतोय आणि वर बल्बही पेटवतोय. "सर, ही फुकटची लाईट खरी का?" नुसतं 'खोटं आहे' म्हणून भागलं नसतं. म्हणून ठरवलं, बांधून बघू. पुढं कुणी हाच उद्योग केला तर त्याचे पैसे आणि वेळ वाचावा म्हणून या नोंदी.

२१ नोव्हेंबर

सुरुवात ओढ्यापासून. स्पीकरचा गोल चुंबक ओढ्याच्या वाळूतून फिरवला की काळे बारीक कण दाढीसारखे चिकटतात. आपला सगळा दगड बेसाल्टचा, त्यात मॅग्नेटाइट म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोखंडाचं खनिज असतं, तेच हे. क्षेत्ररेषा दाखवायला विकतचा लोहकीस लागत नाही.

पोरांनी चुंबक थेट वाळूत घातला. आता तो साफ होत नाही, कापडानं पुसलं की कण नुसते इकडून तिकडं सरकतात. चुंबक आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. कण चिकटले की पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढा, कण पिशवीत राहतात. वाळू वाळलेली हवी, ओलीत गाळही येतो.

२५ नोव्हेंबर

खिळ्याला तार गुंडाळून विद्युतचुंबक. नऊ व्होल्टचा चौकोनी सेल आणला होता, बघता बघता बसला. व्होल्ट जास्त असले तरी असल्या सेलला जास्त करंट देता येत नाही. साधा मोठा दीड व्होल्टचा सेल जास्त टाचण्या उचलतो आणि टिकतोही. जोडणी दोन-चार सेकंदांपेक्षा जास्त ठेवली तर तार हाताला भाजते. नव्वद रुपयांचे चौकोनी सेल वाया.

तारेजवळ होकायंत्र ठेवलं तर सुई हलते, हे ओर्स्टेडनं १८२० साली पाहिलं. पोरांना टाचण्यांपेक्षा हेच जास्त आवडलं. उलटा सेल, उलटी सुई. मग पुढचा प्रश्न एका मुलीनं स्वतःच विचारला: करंटनं चुंबक होतो, तर चुंबकानं करंट होतो का?

२९ नोव्हेंबर

तारेचा शोध. छोट्या खोक्याभोवती तार गुंडाळून कॉइल करायची, चुंबक आत हलवायचा, असा बेत. तालुक्याला मोटार भरणाऱ्याचं दुकान गाठलं. आमच्याकडं व्होल्टेजच्या कृपेनं विहिरीच्या आणि बोअरच्या मोटारी जळतच असतात, त्यामुळं अशी दुकानं चहाच्या टपऱ्यांइतकी. पण तिथं आधी मिळाली ती सबमर्सिबलची तार. ती मोटार पाण्यात बुडालेली असते, म्हणून तारेवर प्लॅस्टिकचं जाड वेष्टण असतं. आपल्या एवढ्याशा खोक्यावर तिचे शंभर वेढेही बसत नाहीत. परत केली. मागायची ती इनॅमलची, म्हणजे वर रोगणासारखा पातळ थर असलेली तार, ३२ गेजची. वजनावर मिळते. शंभर ग्रॅमचे १३० रुपये पडले.

त्याच दुकानात जळक्या सीलिंग फॅनची कॉइल फुकट मिळाली, म्हणून तीही आणली. फार वेळ खाल्ला तिनं. वार्निशनं तार एकमेकीला चिकटलेली, उकलताना तुटते, आणि मुख्य म्हणजे जळाल्यामुळं तिच्यावरचं इनॅमलच गेलेलं. तशीच गुंडाळली तर वेढे एकमेकांना लागतात आणि कॉइल आतल्या आत शॉर्ट होते. दिसायला हजार वेढे, कामाला शंभरही नाहीत. जळकी कॉइल फुकट दिली तरी घेऊ नका.

३ डिसेंबर

वेढे गुंडाळायला सगळ्यांत सरळ हात ज्याचा होता तो आठवीतला पोरगा आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला. टोळी दिवाळीनंतरच निघायची होती, ती आत्ता निघाली. कारखाना पश्चिमेकडं. काम सहावीच्या दोन मुलींनी हातात घेतलं.

त्यांनी एक सोय काढली. रिळाला खाली खिळा घालून त्यावर मोकळं फिरू द्यायचं आणि खोकं हातात फिरवायचं, उलटं नाही. उलटं केलं की तारेला पीळ पडतो आणि पीळ ओढला गेला की तार तुटते. दर पन्नास वेढ्यांना फळ्यावर एक रेघ.

६ डिसेंबर

कॉइल ३०० वेढ्यांची. चुंबक आत ठेवला आणि पोरं मीटरकडं बघत बसली. काही नाही. "सेल संपला का चुंबकाचा?" चुंबक हलवला की काटा हलतो, थांबवला की शून्यावर. फॅरेडेसुद्धा आधी असाच कायमच्या करंटची वाट बघत होता. १८३१ साली त्याच्या लक्षात आलं, की बदल होतो तेवढ्यापुरताच करंट येतो.

इथं काटा म्हटलं तो जुन्या काट्याच्या मीटरचा. डिजिटल मीटर या कामाला आधी घेऊ नका. हळू हलवलेल्या चुंबकाला तो नुसते आकडे भिरकावतो, पोरांना काही कळत नाही.

आणि तारेची टोकं! इनॅमल तांब्याच्याच रंगाचं असतं, म्हणून तार उघडीच आहे असं वाटतं. टोकं पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करायची, गोल फिरवून, सगळ्या बाजूंनी. एक अख्खी दुपार ही टोकं न घासल्यानं गेली.

११ डिसेंबर

आता फिरतं जनित्र. पोरांनी स्पीकरच्या गोल चुंबकाच्या भोकातूनच खिळा घातला. भोक आहे म्हटल्यावर आस तिथूनच जाणार. मस्त फिरला, अजिबात न थरथरता. मीटरवर शून्य.

असल्या चकतीचा एक ध्रुव वरच्या तोंडावर आणि दुसरा खालच्या. भोकातून आस घालून फिरवली तर ध्रुव जागच्या जागीच राहतात. कॉइलच्या दृष्टीनं काही हललंच नाही. वाळूचे काळे कण कागदावर पसरून चकतीभोवतीचा आकार काढला, तेव्हा पोरांनाच हे दिसलं. या एका न चाललेल्या प्रयोगात जेवढं समजलं तेवढं धडा वाचून समजलं नसतं. तुमच्या पोरांनाही ही चकती आधी फिरवू द्या.

मग निओडिमियमच्या चार चुंबकपट्ट्या घेतल्या, २० बाय १० बाय ५ मिलिमीटरच्या, १६० रुपये. खिळ्याच्या दोन बाजूंना दोन-दोन, एकमेकींना ओढतील अशा. म्हणजे एका बाजूला उत्तर ध्रुव, दुसऱ्या बाजूला दक्षिण. आता खिळा फिरला की ध्रुव फिरतात. या पट्ट्या भलत्या जोरानं एकमेकींवर आपटतात, कडेचा टवका उडतो, बोटाची कातडी सापडते. लहान भावंडांच्या हाती जाऊ देऊ नका. दोन चुंबक गिळले तर आतड्यात एकमेकांना ओढतात, मग ऑपरेशनच.

१४ डिसेंबर

खिळा चिमटीनं फिरवून एलईडी लागला नाही. वेढे वाढवून ६०० केले. फिरवायला दोरी लावली, ताक घुसळायच्या रवीला असते तशी. दोरी खिळ्याला गुंडाळून दोन्ही टोकं आळीपाळीनं ओढायची. लाल एलईडी लागला! दोन एलईडी उलटसुलट जोडले तर आळीपाळीनं लुकलुकतात, म्हणजे करंट दोन्ही दिशांनी येतो. मीटर डीसीवर, म्हणजे एकाच दिशेच्या करंटवर, ठेवला तर आकडा शून्याच्या आसपास नाचतो. एसीवर, म्हणजे दिशा बदलणाऱ्या करंटवर, ठेवा, तीन व्होल्टच्या पुढं जातो.

सगळा वर्ग खूश. व्हिडिओवाला पोरगा सोडून. त्यानं एलईडी काढून खिळा फिरवला, मग लावून फिरवला. "सर, हाताला तर सारखंच लागू लालंय. लाईट फुकटच की."

बरोबर बोलला. एवढासा एलईडी खातो तो वॅटचा पंचविसावा भाग, हाताला तो कळणार कसा? मग ठरलं, हाताला-पायाला कळेल एवढं मोठं जनित्र करायचं. इथून पुढचा खर्च त्या एका वाक्याचा आहे.

२० डिसेंबर

भंगारवाल्याकडून टेम्पोच्या वायपरची मोटार, ३०० रुपये. आत कायमचे चुंबक असलेली कुठलीही डीसी मोटार बाहेरून फिरवली की जनित्र होते, म्हणून घेतली. वर्गात आणली तर शाफ्ट फिरेच ना. पोरांनी पान्यानं जोर लावला. मी थांबवलं, आतले दात गेले असते.

वायपरच्या मोटारीत आत वर्म गिअर असतो. मोटार शाफ्टला फिरवते, शाफ्ट मोटारीला फिरवू शकत नाही. भंगारवाला परत घेईना. वायपरची मोटार घेऊ नका.

२७ डिसेंबर

कारच्या रेडिएटरच्या पंख्याची मोटार, १२ व्होल्टची, ४५० रुपये. घेण्याआधी दुकानातच दोन गोष्टी करून बघायच्या. शाफ्ट हातानं फिरवायचा, मोकळा फिरला पाहिजे. मग दोन्ही वायर एकमेकींना जोडून फिरवायचा, तोच शाफ्ट चिकटल्यासारखा जड लागला पाहिजे. जड लागला नाही तर आतले करंट पोचवणारे ब्रश गेलेत. भंगारवाल्याला ही युक्ती माहीत नव्हती. त्यानं उरलेल्या चार मोटारी तिथंच तपासून दोन बाजूला टाकल्या.

४ जानेवारी

जुनी सायकल मिळाली, मागचं चाक स्टँडवर उचलून. मोटारीचा शाफ्ट टायरला घासून फिरवायचा.

आधी शाफ्टला जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या. मिनिटभरात सुटून भिरकावल्या गेल्या. लेथवाल्याकडून ४ सेंटिमीटर व्यासाचा नायलॉनचा रोलर करून घेतला, १५० रुपये. हिशोब असा: सायकलचं चाक ६६ सेंटिमीटर, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात रोलरचे साडेसोळा फेरे. पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे साधारण अडीच. सेकंदाला एक पायडल मारलं की मोटार मिनिटाला अडीच हजारांच्या घरात जाते. अशा पंख्याला एवढाच वेग लागतो.

मोटार अँगलवर पक्की वेल्ड केली, तिथं घोटाळा झाला. जुन्या रिमला आऊट होता, म्हणजे ती वाकडी होती, त्यामुळं चाक एका जागी रोलरला दाबायचं आणि दुसऱ्या जागी सोडायचं. सायकलवाल्याकडून आऊट काढून आणला, तरी थोडा राहिलाच. शेवटी वेल्ड तोडून मोटार बिजागरीवर बसवली आणि स्प्रिंगनं टायरवर दाबली. आता चाक डुललं तरी रोलर त्याच्या मागं जातो. नक्षीचा टायर फार आवाज करतो, गुळगुळीत झिजलेला उत्तम.

१० जानेवारी

बारा व्होल्ट आले. मोटारसायकलच्या दुकानातून तीन बल्ब आणले: इंडिकेटरचा १० वॅट, ब्रेकचा २१ वॅट, हेडलाइटचा ३५ वॅट. तिन्ही काचेचे, तारेचे. पायडल मारणाऱ्याच्या पाठीमागं स्विच, म्हणजे त्याला बल्ब दिसणार नाही. बाकीच्यांनी गुपचूप स्विच दाबायचा, पायडलवाल्यानं सांगायचं कधी लागला.

प्रत्येकानं बरोबर सांगितलं. १० वॅटला जरा विचार करून, ३५ ला लगेच. "कुणीतरी मागून कॅरेज धरू लालंय" असं एक मुलगी म्हणाली. तिन्ही बल्ब एकदम लावले तेव्हा आठवीतला सगळ्यांत दांडगा पोरगा उभा राहून पायडल मारत होता आणि उजेड तरीही मिणमिणता.

मग त्याच जागी ९ वॅटचा, १२ व्होल्टवर चालणारा एलईडी बल्ब. उजेड २१ वॅटच्या काचेच्या बल्बाहून सरस आणि पाय जवळजवळ मोकळे. एलईडी बल्ब वीज वाचवतो हे वाक्य पोरं दुसरीपासून पाठ म्हणतात. पिंढऱ्यांना ते आज कळलं.

१३ जानेवारी

नुसतं 'जड लागतं' यावर भागेना, आकडा हवा होता. मीटरवर १२ दिसले की पाय थांबवायचे. फ्रीव्हीलमुळं पायडल थांबतं, चाक फिरत राहतं. त्याच क्षणी स्विच दाबायचा आणि चाक थांबेपर्यंत मोबाइलवर वेळ मोजायची.

वायर मोकळ्या असताना चाक साधारण ८ सेकंदांत थांबतं. २१ वॅटचा बल्ब लावला तर ४. दोन्ही वायर थेट एकमेकींना जोडल्या तर दोन सेकंदही नाहीत, बघता बघता चाक उभं. चाकात तेवढीच ऊर्जा होती, ती बल्बात गेली म्हणून चाक लवकर थांबलं, हे सातवीच्या पोरांनी माझ्याआधी फळ्यावर लिहिलं. वायर जोडून ठेवणं क्षणभरच करा, मोटार तापते.

१७ जानेवारी

कुणीतरी हिशोब काढला. घरच्या मीटरचं एक युनिट म्हणजे १००० वॅट तासभर. ३५ वॅटचा बल्ब पेटता ठेवून पायडल मारायचं तर एका युनिटला साडेअठ्ठावीस तास. पाच एचपीची विहिरीवरची मोटार म्हणजे ३७०० वॅट, तिला अशी शंभरावर पोरं लागतील. शाळेचा पट पुरत नाही. रात्रपाळीच्या लाईटला बापाबरोबर पाणी धरायला जाणाऱ्या पोरांनी हा हिशोब घरी जाऊन सांगितला. एका आजोबांनी निरोप धाडला, "गुर्जींना म्हणावं, मोटारीऐवजी पोरं धाडा, हरभऱ्याला पाणी द्यायचंय."

परळीच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या पोरांना गावाकडून जाता-येता दिसतात. तिथंही शेवटी कॉइल आणि चुंबकच, पायाच्या जागी वाफ. २०१५ साली पाणी नव्हतं म्हणून तिथले संच बंद ठेवावे लागले होते. कोळशाच्या केंद्राला पाणी कशाला, हा प्रश्न वाफेपाशी आल्यावर आपोआप सुटला.

२२ जानेवारी

बॅटरी चार्ज करू म्हणून मोटारसायकलची जुनी बॅटरी जोडली. कुणी पायडलला हातही लावला नव्हता आणि चाक फिरायला लागलं. अर्धा वर्ग मागं पळाला, व्हिडिओवाला पुढं आला: "सर, फिरलं की!"

बॅटरीनं मोटारीला मोटार म्हणून चालवलं, एवढंच. यंत्र तेच, ऊर्जा कुणीकडून येते त्यावर नाव बदलतं. पैठणला जायकवाडीच्या पायथ्याशी १२ मेगावॅटचा संच आहे, तोही असाच दोन्हीकडून चालतो: पाणी खाली आलं की वीज करतो, उलटा चालवला की पाणी वर चढवतो.

बॅटरी उतरू नये म्हणून मधे सहा अँपिअरचा डायोड टाकला, तो करंट एकाच दिशेनं जाऊ देतो, १५ रुपये. पांढरी पट्टी बॅटरीच्या प्लसकडं. डायोड पाऊण व्होल्ट खातो, म्हणून चार्जिंगला पायडल जरा जोरानं मारावं लागतं.

३० जानेवारी

व्हिडिओवाल्यानं हट्ट सोडला नव्हता, आणि त्याचा मुद्दा चांगला होता. एका मोटारीनं वीज करायची, तीच दुसऱ्या मोटारीला द्यायची आणि तिनं तेच चाक फिरवायचं. मग पायडल कशाला? भंगारवाल्यानं तसलीच दुसरी मोटार दोन दिवसांसाठी उसनी दिली, लेथवाल्यानं तसाच रोलर करून दिला, या वेळी पैसे घेतले नाहीत.

दुसरा रोलर टेकवला. १२ व्होल्टला पाय थांबवले. चाक ८ ऐवजी ५ सेकंदांत थांबलं. आता दोन्ही मोटारींच्या वायर प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडल्या. तरीही ५. जोडल्या काय, सोडल्या काय, फरक नाही!

हे मलाही आधी सुचलं नव्हतं. मग दोघींच्या प्लसच्या मधे मीटर लावला: जवळजवळ शून्य. दोन्ही एकाच वेगानं फिरतात म्हणून दोन्ही सारखेच व्होल्ट करतात. कोण कुणाला ढकलणार? करंटच वाहत नाही, आणि दुसऱ्या रोलरचं घासणं तेवढं वाढतं. पोरगा बराच वेळ मीटरकडं बघत होता. मग म्हणाला, "त्या व्हिडिओत खाली सेल लपिवला असंल." रात्री त्यानं तो पुन्हा बघितला. दुसऱ्या दिवशी टेबलाखाली जाणारी वायर कुठल्या सेकंदाला दिसते तेही सांगितलं.

५ फेब्रुवारी

खर्च. सायकलवरच्या जनित्राचा: मोटार ४५०, रोलर १५०, अँगल आणि वेल्डिंग ३५०, बिजागरी-स्प्रिंग ६०, बल्ब-होल्डर-स्विच-वायर १८०, डायोड १५, मीटर २८०. एकूण १४८५. छोट्या खोक्यातल्या जनित्राचे २९०. वाया गेले ३९०, त्यात वायपरची मोटार सगळ्यांत मोठी. सायकल आणि आऊट काढणं फुकट.

एक गोष्ट कडक पाळा. या सगळ्याला भिंतीतल्या बोर्डाच्या जवळपासही जाऊ देऊ नका. "सर, बोर्डात घालून बघू का?" हे प्रत्येक वर्गात कुणीतरी विचारतंच. आम्ही ज्या खोलीत काम केलं तिथल्या बोर्डाचा फ्यूजच काढून ठेवला होता.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला सायकल पटांगणात काढायची आहे. गावातल्या मोठ्यांनाही पाठीमागच्या स्विचचा खेळ खेळवायचा. रिम अजून थोडी डुलते, स्प्रिंग जरा कडक घ्यावी लागेल. उसनी मोटार परत केली.